सात फुटांची खोली

खोली मिळणार असं कळलं त्या दिवसापासून हौसा त्या खोलीत राहायलाच गेली होती. देहाने ती अजून जुन्या घरात होती. चौपदरी रस्त्याने पुढचं अर्धं घर नेल्यावर मागे जे उरलं त्या दोन खोल्यांत, पत्र्याखाली, एका बाजूला भाऊ रामा नि भावजय आणि दुसऱ्या बाजूला भाचा नि त्याची बायको. पण तांदूळ निवडता निवडता तिचे हात थांबायचे, नजर भिंतीपलीकडे जायची, आणि भावजय गंगू म्हणायची, "वन्सं, गेलात काय परत?" हौसा नुसती हसायची. गेलेलीच असायची ती. खिडकीशी खाट लावून बघत असायची, की पेटी उशाशी बरी की पायथ्याशी.

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने सात फूट बाय सहा फूट जागेची स्वप्नं बघावीत याचं कुणाला हसू येईल तर येवो. ज्याला खोली आयती मिळाली त्याला ती केवढी असते हे कळत नाही. हौसा एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन खेडकडे गेली, ती सासरच्या ओटीवर झोपली. दोन वर्षांत नवऱ्याने मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं तेव्हा ती परत आली आणि माहेरच्या माजघरात झोपायला लागली, भाताची कणगी आणि मागचं दार यांच्या मधल्या पट्टीत. रात्री बाहेर जाणारा प्रत्येक जण तिचे पाय ओलांडून गेला. सदतीस वर्षांत तिला पाय पोटाशी घेऊन झोपायची अशी सवय लागली की जागा असतानाही ते लांब होत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला काय, कुठं पन चालता."

घराचा नकाशा ऋत्विकने आणला होता. रामाचा हा एकुलता एक मुलगा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात पाळीवर, आठवड्याचे सहा दिवस तिकडेच. तिथे कुणीतरी त्याला सांगितलं की घराचे नकाशे तयार मिळतात, तीस बाय चाळीस, पूर्वेचं दार, हवा तो निवडायचा, पाच मिनिटांत मोबाइलवर हजर. वाडीत याचं केवढं कौतुक झालं. आजवर घर म्हणजे गवंडी काठीने जमिनीवर ओढील ते. इथे तर चित्रसुद्धा होतं: सपाट छपराचं पांढरंशुभ्र घर, पुढे हिरवळ, हिरवळीवर एक केसाळ कुत्रा.

"कुत्रा पन त्येच देतात काय रे?" गंगूने विचारलं होतं.

सगळा हिवाळा तो नकाशा लाल पेनासकट घरात फिरत होता. सपाट छपरावर गंगूनेच पहिली काट मारली. आपल्याकडच्या पावसात तसल्या छपराखाली राहायचं तर विहिरीतच राहायला काय वाईट, असं तिचं म्हणणं. तिथे उतरतं कौलारू आलं. रामाने मोटार ठेवायच्या जागेची पडवी केली, कारण मोटार नव्हती आणि येऊन बसणारी माणसं भरपूर होती. सूनबाईने, अक्षयाने, आपल्या खोलीला न्हाणीघर जोडून घेतलं. तिला पाचवा महिना होता, त्यामुळे कुणी नाही म्हणालं नाही. रामाचा धाकटा भाऊ सदू मुंबईत एका कचेरीत शिपाई होता. तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता. खिडक्या मोठ्या ठेवा, पाहुण्यांची खोली म्हणून जी काय लिहिली आहे ती माझी, पुढच्या वर्षी मी रिटायर होऊन येणार. इतकं इकडचं तिकडे झालं की मूळ नकाशा काढणाऱ्याला दाखवला असता तर त्याने ओळखही दिली नसती.

फक्त एका चौकोनाला कुणी लाल पेन लावलं नाही. मागच्या ओळीत, सदूची खोली आणि ऋत्विकची खोली यांच्या मधोमध, इंग्रजीत 'स्टोअर' लिहिलेलं. दिवाळीच्या दिवशी रामाने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही तुझी, ताय."

तो सहज बोलला आणि फराळाचं ताट पुढे ओढून बसला. हौसाला मात्र त्या दिवशी चकली गिळवेना. दुसऱ्याच आठवड्यात तिने सुताराला खाट सांगितली, फणसाच्या लाकडाची, सहा बाय तीन. ती तयार होऊन महिनाभर सुताराच्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती.

*

आखणीला माघातला शनिवार धरला होता. दुसऱ्या दिवशी नारळ फोडायचा आणि सोमवारी चर खणायला सुरुवात. एकदा कातळ फोडून चर पडला की घर ठरलं, मग देव आला तरी भिंत हलत नाही; म्हणून जे काय बोलायचं ते आजच, असं बाळा गवंड्याने चार वेळा बजावलं होतं.

जागा रस्त्याच्या वर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर होती. रस्त्यात जाऊन उरलेला तुकडा. सकाळचं धुकं अजून खालच्या आंब्याच्या कलमांत अडकलेलं होतं आणि मोहोराचा वास इतका दाट होता की हौसाला घरातून इथवर चालत आल्यासारखं वाटलंच नाही, कुणीतरी हाताला धरून आणल्यासारखं वाटलं. ती, गंगू आणि अक्षया चहाची किटली घेऊन पोचल्या तेव्हा बाळाने खुंट्या ठोकून दोरी ओढली होती आणि हातातल्या डब्याने चुन्याची फक्की सोडत तो वाकून चालला होता. सुकल्या गवतावर पांढरी रेघ उमटत होती. हौसा थांबून बघत राहिली. चार महिने कागदावर बोटभर असलेलं घर जमिनीवर येऊन पडलं होतं, आणि त्यात शिरायला कुठेच दार नव्हतं की सगळीकडेच दार होतं.

"वन्सं, चपला काढताय कशाला?" गंगू म्हणाली.

हौसाने खाली पाहिलं. पडवीच्या रेघेशी तिने खरंच चपला काढल्या होत्या. अक्षया हसली आणि तिनेही आपल्या काढून शेजारी ठेवल्या. मग दोघी रेघांच्या घरात शिरल्या.

"हा हॉल," अक्षया म्हणाली. "हे स्वयंपाकघर, हॉलला लागून. आणि हा पॅसेज."

पॅसेज म्हणजे साडेतीन फुटांची वाट. पुढचं घर आणि मागच्या तीन खोल्या यांच्या मधून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. तयार नकाशातली ही एक गोष्ट ऋत्विकला फार आवडली होती. ज्याने त्याने आपापल्या खोलीतून निघावं, कुणाच्या मधे येऊ नये. हौसाला त्यातलं काही कळलं नव्हतं, पण नव्या घरात असं असत असेल म्हणून ती गप्प बसली होती. वाट ओलांडून ती आपल्या खोलीत गेली.

खोलीत गेली आणि उभी राहिली. काहीतरी चुकत होतं. रोज मनातल्या मनात ती या खोलीत मागच्या भिंतीकडेने आडवी चार पावलं चालायची, तिसऱ्या पावलाला खिडकी यायची. आज तिसरं पाऊल रेघेच्या पलीकडे पडलं.

"बाळा," ती म्हणाली, "ही किती धरलीस रे?"

बाळाने टेप न लावताच सांगितलं. "पाच फूट चार इंच, हौसाबाय."

"सात व्हती."

"कागदावर सात व्हती." बाळा कमरेवर हात देऊन सरळ झाला. तो हौसाच्याच वयाचा, शाळेत तिच्या मागच्या रांगेत बसलेला; त्याला खोटं बोलता येत नसे, त्यामुळे त्याला कामंही कमी मिळत. "ह्या नकाशावाल्यान भिंती सगळ्या विटेच्या धरल्यान. चार इंच, सहा इंच. आपला जांभ्याचा चिरा नऊ इंची, वरतून दोनी अंगाला गिलावा. एका भिंतीला पाच इंच वाढलं. हितं आडव्या भिंती चार. बेरीज करा."

तोवर रामा आणि ऋत्विक पुढे आले होते. सदूही आला, तो पहाटेच्या गाडीने उतरून तसाच सड्यावर आलेला, गळ्यात मफलर. ऋत्विकने मोबाइलवर बेरीज केली. वीस इंच. एक फूट आठ इंच.

"पण ते सगळ्या खोल्यांमधून थोडं थोडं जायला हवं ना," तो म्हणाला.

"तुमी मला मापं लिवून दिलीत. काकांची दहा फूट, तुमची अकरा फूट, खाली रेघ मारून. ती मी राखली. हिच्याखाली रेघ नव्हती." बाळाने डब्याने स्टोअरकडे दाखवलं. "फरक कुठंतरी जायाचाच. तो हितं गेला."

रामाने आपल्या बहिणीकडे न बघता दोरीकडे बघितलं.

"मग भायेर सरकव," तो म्हणाला.

"कुठं? हय शेजारचा दगडी गडगा, थय रस्त्याची हद्द. बोटभर नाय सरकायचा."

"मधल्या भिंती विटेच्या करा," ऋत्विक म्हणाला.

"आनि वरचा कौलांचा भार मी डोक्यावर घेऊन उभा ऱ्हावू? सपाट छप्पर ठेवलं असतंव तर जमला असता. ता आयशीन काटलान."

गंगूने सगळा दोष आपल्यावर येताना पाहिला आणि किटलीचं झाकण काढून चहा ओतायला घेतला. घर पाहावं बांधून म्हणतात ते काही उगाच नाही. बांधायला घेतलं की घर दिसण्याआधी घरातली माणसं दिसायला लागतात.

"खाट सहा फुटांची हाय," हौसा म्हणाली. आवाज अगदी बारीक आला. "सुताराकडं तयार हाय ती."

"झोपून बघा," बाळा म्हणाला. "खरंच सांगतोय. मापाला मानसापरता टेप नाय."

दुसरं कुणी असतं तर लाजलं असतं. हौसालाही लाज वाटलीच, पण खोली बघायची ओढ लाजेपेक्षा मोठी होती. तिने पदर सावरला आणि गवतावर आडवी झाली. उशाशी पेटीपुरती जागा सोडली. आयुष्यात पहिल्यांदा, मुद्दाम, पाय लांब केले. दोन्ही टाचा फक्कीची रेघ ओलांडून सदूच्या खोलीत गेल्या. उभी झोपून बघितली तर डोकं पॅसेजमध्ये.

"बघा," बाळा म्हणाला, आणि चहा घ्यायला गेला.

हौसा उठली नाही. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तिने पदर तोंडावर ओढला. पदरातून उजेड तांबूस दिसत होता, ताज्या कापलेल्या चिऱ्यासारखा. पाठीखाली कातळ रात्रीचा गारवा धरून होता. तिला वाटलं, जरा वेळ, चहा होईस्तोवर.

*

मग बोलणी सुरू झाली, तिच्या डोक्यावरून. माणूस आडवा झाला आणि तोंड झाकलं की तो तिथे नाही असं धरायची आपल्या लोकांना खोड आहे.

"भावजी, तुमच्यातला फूटभर सोडा," गंगूचा आवाज. "दहाची नऊ झाली तर काय बिघडतंय. वरसातून दहा दिवस तर येता."

"रिटायर झालो की बारा महिने येणार, वयनी. आणि माझं कपाट कुठं ठेवू? मुंबईत तीस वर्षं दहा बाय दहात चौघांनी काढली. हितं तरी दहा फूट मला एकट्याला नको काय?" सदू अगदी मनापासून बोलत होता. "काढायचंच तर ते न्हाणीघर काढा. घरात दोन न्हाण्या कशाला?"

"पोटुशी बाय हाय ती," गंगू एकदम फिरली. दिराला नडायला निघालेली, ती आता सुनेच्या बाजूने उभी राहिली. "न्हाणीला हात लावायचा नाय."

"मी कुठं म्हणाले लावू नका," अक्षया म्हणाली. पण हळू.

हौसा ऐकत होती आणि ऐकत नव्हती. शब्द येत होते ते भिंतींच्या पलीकडून आल्यासारखे येत होते, कारण पदराआड भिंती वर चढायला लागल्या होत्या. एकावर एक चिरा बसत होता, तांबडा, ओलसर. कौलं आली. एका कौलाच्या जागी काच होती आणि तिच्यातून उन्हाचा तुकडा हॉलमध्ये पडला होता. त्या तुकड्यामागे एक मूल रांगत होतं. ते अजून जन्मायचं होतं, तरी त्याच्या गुडघ्यांना लागलेली माती तिला दिसत होती. गंगू स्वयंपाकघरातून सरळ हॉलमध्ये आली, मुलाला उचललं, सरळ परत गेली. अक्षया आपल्या खोलीतून आली ती सरळ चुलीकडे. रामा पडवीतून हाक मारत होता. सगळी माणसं आपापल्या कामाला जात होती आणि साऱ्या घरात एकच जागा अशी होती की तिथे कुणीच जात नव्हतं. मधली ती लांब वाट. तिच्यात काळोख होता, दोन्ही टोकांना बंद भिंत होती, आणि तिच्यात कुणाचाही पाय वाजत नव्हता.

"असं करा ना," ऋत्विक म्हणत होता. "काकांची खोली तशी रिकामीच असणार वर्षभर. आत्या तिथं झोपेल. स्टोअरचं स्टोअर राहू दे."

"मी तेच बोलणार होतो," सदू म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला, देणाऱ्याचा झाला. "ताय माझ्या खोलीत झोपूदेत की. मी काय नाय म्हणतोय? खाट पन तिची थितं राहील. मी आलो की तेवढं..."

"तेवढं काय, काका?" अक्षयाने विचारलं.

"तेवढे दिवस ती झोपेल माजघरात."

"नकाशात माजघर नाहीये."

"हॉलमध्ये गो. तेच ते."

"आणि पुढच्या वर्षी तुम्ही कायमचे आलात की?"

चहाचे कप खाली ठेवल्याचे आवाज आले. आणि मग रामा बोलला. हौसाने लहानपणी ज्याला कडेवर घेऊन पाणी भरलं होतं, ज्याच्या लग्नात आपल्या कानातल्या कुड्या मोडून दिल्या होत्या, तो तिचा भाऊ समाधानाने म्हणाला, "झाला तर मंग. तायला काय, तिला कुठं पन चालता."

पदराखाली हौसाचे ओठ हलले. 'चालता' हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. सदतीस वर्षांच्या सवयीने आपणहून आला होता, आणि आता तिने तो म्हणायचा तेवढा बाकी होता. तो म्हटला की सगळे सुटणार होते. बाळा दोरी गुंडाळणार, गंगू किटली विसळणार, उद्या नारळ फुटणार. पण त्या शब्दाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते काय आहे हे तिला क्षणभर ओळखू येईना. मग ओळखू आलं. तिला राग आला होता. इतक्या वर्षांत ती दुसऱ्यांवर रागावली होती, मुलांवर, गुरांवर, पावसावर. स्वतःसाठी असा राग कधी आला नव्हता.

तिने पदर काढला आणि उठून बसली.

"नाय चालायचा," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. रामाचं तोंड उघडंच राहिलं.

"काय म्हनालीस, ताय?"

"मी पावन्यांच्या खोलीत झोपनार नाय. सदू आला की मी खाटेवरून उठू, सदू गेला की परत झोपू. ह्या घरात जन्मल्ये मी. पावनी नाय."

"तसं कुठं कोन म्हनालं," सदू पुटपुटला.

"तू म्हनालास, ह्यो म्हनाला, आनि ता पोरगा पन म्हनाला. सगळी म्हनालीत. मी उताणी पडून ऐकलं." ती हाताचा टेका देऊन उभी राहिली. एवढं बोलून झाल्यावर पुढे काय बोलायचं हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यामुळे तिला जमीन दिसली.

बाळाची नेटकी रेघ राहिली नव्हती. तासभर वाद घालत ही सहा माणसं घरभर फिरली होती. किटलीकडे गेली, खुंटीकडे गेली, एकमेकांच्या अंगावर गेली. बाहेरच्या भिंती होत्या तशा होत्या, खोल्यांमधल्या भिंतीही. पण पॅसेजच्या दोन्ही रेघा पार पुसून गेल्या होत्या. हॉलमधून सदूच्या खोलीत, स्वयंपाकघरातून ऋत्विकच्या खोलीत, सगळीकडे पावलं सरळ गेली होती. वाटेच्या लांबीने एकही पाऊल पडलेलं नव्हतं. दोन्ही टोकांकडचं गवत तसंच उभं होतं.

"ह्या बगा," हौसा म्हणाली.

"काय?"

"ही वाट. हिच्यातनं चाललं कोन? इतका येळ भांडताव, एक मानूस हिच्यातनं गेला नाय. तुमीच पायान पुसून टाकलीत."

बाळा पुढे आला. वाकून त्याने रेघ पाहिली, मग गवत पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"साडेतीन फूट," तो म्हणाला. "एवढी वाट खोलीला जोडली तर रुंदीला खोली वाढत नाय, पन भिंतींचे इंच वजा जाता लांबी नऊ फूट होते. खाट उभी बसते. पेटी बसते. वर उभा ऱ्हायला जागा."

"पण पॅसेज काढला तर प्रायव्हसी जाते," ऋत्विक म्हणाला. "मग आमचं दार कुठे उघडणार?"

"सयपाकघरात," बाळा म्हणाला. "काकांचा हॉलात."

ऋत्विकने बायकोकडे पाहिलं. आता सगळं तिच्यावर येऊन पडलं होतं. नवऱ्याशिवाय आठवड्याचे सहा दिवस त्या खोलीत तीच राहणार होती, पुढे मुलाला घेऊन, आणि दार उघडलं की समोर सासू. हौसाला तिच्याकडे बघवेना. मागितलं आपण आणि द्यायचं हिने, हे तिला आत कुठेतरी टोचलं.

"तुझ्या दाराशी पहाटेपास्नं माझी भांडी वाजतील गो," गंगू म्हणाली. सांगायला हवं म्हणून सांगितलं तिने.

"तुमची भांडी भिंतीपलीकडूनसुद्धा वाजतात, आई," अक्षया म्हणाली. "दार असलं तर निदान उठून चहा तरी मिळेल." मग ती हौसाकडे वळली. "आत्या, मलाही ती वाट नको होती. अंधारी असती. मी बोलले नाही, कारण प्लॅनमध्ये होती."

गंगू हसली. सदूही हसला, जरा उशिरा. त्याचे दहा फूट शाबूत होते, आणि वर दार आता हॉलमध्ये उघडणार होतं, म्हणजे चहाची हाक आधी त्यालाच ऐकू येणार होती. त्याने मफलर काढून खांद्यावर टाकला आणि बाळाला म्हणाला, "मार रे रेघ."

बाळाने पायानेच उरलीसुरली जुनी रेघ मोडली. डबा भरून घेतला. हौसाच्या खोलीच्या दोन्ही अंगाच्या रेघा ओढत ओढत त्याने पुढे नेल्या. त्या लांब होताना ती बघत राहिली. सहा फूट, सात, आठ. धुकं उठलं होतं आणि कलमांच्या वरून खालच्या रस्त्यावर धावणारे ट्रक खेळण्यातल्यासारखे दिसत होते. ती आत गेली आणि चालून बघितलं. तिसऱ्या पावलानंतरही खोली संपली नाही. चौथं पडलं, पाचवं पडलं. तिला एकदम खूप चालल्यासारखं वाटलं.

रामा मात्र अजून किटलीशीच उभा होता. त्याने कप हातात धरला होता आणि चहा पीत नव्हता. शेवटी तो आला, रेघेशी थांबला, आत आला नाही.

"ताय," तो म्हणाला, "मी तुला इचारायला पायजे व्हता."

"व्हता," हौसा म्हणाली. ती त्याला सहज सोडणार नव्हती. पण त्याचा चेहरा पाहून तिचा राग निम्मा झाला, आणि उरलेला निम्मा तिने राहू दिला.

"दार कुठं काढू, हौसाबाय?" बाळाने विचारलं.

तिने जागा दाखवली. बाळाने तिथली रेघ अडीच फूट पुसली आणि दाराची खूण म्हणून दोन दगड ठेवले. ऋत्विक लाल पेनाने नकाशावर उतरवून घेत होता. खिडकी मागच्या भिंतीला. कोनाडा एक. खुंटी दोन.

"आनि कडी लिव," हौसा म्हणाली. "दाराला. आतनं."

ऋत्विकने लिहिता लिहिता मान वर केली.

"आतनं कडी कशाला गो?" रामा म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. "घरात परका कोन हाय?"

हौसाने त्या दोन दगडांकडे पाहिलं. मग दार लोटावं तसा हात हवेत पुढे केला आणि तिथेच ठेवला.

"लगीन मोडून आल्ये तवा बावीस मानसं व्हती घरात," ती म्हणाली. "मला रडायचा व्हता रे. कुठं रडू? दार असलेली खोलीच नव्हती. मंग चुलीशी जाऊन बसायची नि ओली लाकडं लावायची. आये इचारायची, डोळं का लाल? मी म्हनायची, धूर गेला. सदतीस वर्सं धुराच्या नावावर रडल्ये, रामा. आता म्हातारपनी मला दार लावून रडायचा हाय. नायतर हसायचा हाय. काय करायचा ता माझा मी बघीन."

सड्यावर वारा नव्हता. फक्कीच्या रेघा उन्हात लख्ख दिसत होत्या. ऋत्विकने खाली बघून 'आतून कडी' असं लिहिलं आणि खाली एक लाल रेघ मारली, जशी आपल्या अकरा फुटांखाली मारली होती.

रामाने कप गवतावर ठेवला. तो दगडांच्या मधून आत पाऊल टाकणार होता, पण थांबला.

"ताय," त्याने विचारलं, "येवू काय आत?"

जन्मात पहिल्यांदा तिला कुणी हे विचारत होतं. हौसाने थोडा वेळ घेतला. घाई नव्हती, खोली तिची होती.

"ये," ती म्हणाली.